समुद्राचा प्रोजेक्ट, नाशकाचा चुना

दिवस पहिला, शनिवार

दिवाळी झाली की पाच दिवस सासुरवाडीला, हा आमचा लग्नापासूनचा रिवाज. आम्ही रत्नागिरीचे, हिचं माहेर नाशकात, पंचवटीत. यावेळी गाडी संगमेश्वर सोडून पुढे गेल्यावर लेकीने, म्हणजे मनूने, हळूच सांगितलं की शाळेने सुट्टीचा प्रोजेक्ट दिलाय, विषय "सागरी आम्लीकरण : कारणे व परिणाम", आणि तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. नववीत आहे ती. म्हणलं अगं बाई, घरापासून दहा मिनिटांवर समुद्र, इतके दिवस घरात लोळत होतीस आणि आता समुद्राकडे पाठ करून डोंगरात चाललोय तेव्हा आठवलं? तर म्हणते, "इंटरनेट नाशकात पण चालतं बाबा."

कल्याणला पंचवटी एक्स्प्रेस पकडली, पासवाल्यांच्या गर्दीत कशीबशी टेकायला जागा मिळाली, कसाऱ्याला मागून इंजिन लागलं आणि घाट सुरू झाला. बाहेर अंधार, बघायला काही नाही, म्हणून मीच मोबाईलवर वाचायला घेतलं. मला वाटत होतं समुद्र आंबट होणार वगैरे काहीतरी भानगड असेल. तसं काही नाही. समुद्राचं पाणी अल्कलीच आहे आणि पुढेही राहणार आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सरासरी ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्या खाली उतरायला लागलाय. सात म्हणजे उदासीन, ते अजून लांब. मग एवढ्याशा पॉइंट एकसाठी एवढी बोंब कशाला, हे इगतपुरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं आणि इगतपुरीला वडापाव आला, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

रात्री दहा वाजून गेल्यावर घरी. पिठलं भाकरी तयार. माझे सासरे, अण्णा, शाळेत विज्ञान शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण माणूस अजून तासावरच असतो. मनूने विषय सांगितल्यावर जेवताजेवता हात थांबला त्यांचा. म्हणाले, "जावईबापू, उद्या पानटपरीवरनं चुना आणा. आणि सोडा. साधा सोडा, प्यायचा." सासूबाई म्हणाल्या आल्या आल्या तरी सोडा की त्यांना, प्रवासातून आलेत.

दिवस दुसरा, रविवार

सकाळी मेहुण्याबरोबर मिसळ. यावर मी जास्त लिहीत नाही कारण नाशिककर आणि बाकीचे यांच्यात कायमचं भांडण आहे. पापड, दही, काळ्या मसाल्याचा रस्सा, परत परत रस्सा. मी दोन पाव जास्त खाल्ले एवढंच.

नंतर हिच्याबरोबर रामकुंडावर. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, जिथे बघावं तिथे खोदलेलं, रिक्षावाला तीन गल्ल्या फिरवून नेतो आणि वर आपल्यालाच म्हणतो कुंभाला या साहेब. घाटावर गर्दी होतीच. भांडीबाजार, सराफ बाजार, हिचं "फक्त बघते" म्हणून दीड तास. परतताना टपरीवर चुन्याची डबी घेतली आणि गाडीवरून दोन गोटी सोडे.

इथे माझी चूक झाली. गाडीवाल्याने विचारलं साधा का मसाला, मी सवयीने मसाला म्हणून गेलो. घरी अण्णांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि असा काही चेहरा केला की मी परत नववीत गेलो. "यात लिंबू आहे, मीठ आहे, जिरं आहे. प्रयोग करायचाय का पचन?" ते दोन सोडे मी आणि मेहुण्याने संपवले आणि मी गपचूप साधा आणायला परत गेलो.

तर प्रयोग. अण्णांनी चुना पाण्यात कालवून तासभर ठेवलेला, वरचं नितळ पाणी अलगद काढून घेतलं. चुन्याची निवळी. आपण सगळ्यांनी शाळेत केलंय हे, निवळीत नळीने फुंकर मारायची, ती दुधाळ होते, म्हणजे श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे, वहीत आकृती, विषय संपला. सासूबाईंच्या पाहुण्यांसाठीच्या सेटमधला काचेचा ग्लास घेतला (त्यांना न विचारता, हे पुढे महागात पडलं), त्यात निवळी आणि तेवढंच पाणी. मनूला म्हणाले फुंकरीऐवजी थोडा थोडा सोडा ओत, सोड्यात तोच वायू दाबून भरलेला असतो. एक धार पडली आणि ग्लास ताकासारखा पांढरा.

"हे पांढरं म्हणजे काय?"

"कॅल्शियम कार्बोनेट," मनू.

"म्हणजे शिंपला. शंख, प्रवाळ, अंड्याचं कवच, खडू, सगळं तेच. आता पुस्तक इथे थांबतं. तू थांबू नको, ओत."

ती ओतत गेली. ग्लास भरत आला तसा पांढरेपणा विरळ व्हायला लागला आणि चमच्याने ढवळत बसल्यावर थोड्या वेळात पाणी परत नितळ, पलीकडचं कॅलेंडर वाचता यायला लागलं. मी इतक्या वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं, आमच्या सरांनीही दुधाळ झाल्यावर थांबवलेलं. ज्या वायूने शिंपला तयार केला तोच जास्त झाल्यावर त्याने शिंपला विरघळवला.

अण्णांनी मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दाखवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, सोड्याचा तो चरचरीत आंबटपणा तोच. त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. हे आयन म्हणजे लग्नाच्या पंगतीत आगंतुक शिरावे तसे, समोर जो कार्बोनेट दिसेल त्याला धरतात आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपलेवाल्या जिवाला हवा असतो कार्बोनेट, तो असा पळवला जातो. म्हणजे नुकसान दुहेरी, पाण्याचा पीएचही उतरला आणि बांधकामाचा मालही कमी झाला.

मी विचारलं म्हणजे आमच्याकडचे शिंपले असे ग्लासातल्यासारखे गायब होणार? तर नाही म्हणाले, घाई करू नका. ग्लासात आपण सोडा ओतलाय, समुद्रात तेवढा वायू नाही. समुद्राच्या वरच्या थरात अजून बहुतेक ठिकाणी कार्बोनेट गरजेपेक्षा जास्त आहे, फक्त ते जास्तीचं कमी होत चाललंय. "वाळूचा भाव वाढला म्हणून कोणी घर बांधायचं थांबत नाही, पण कर्ज जास्त काढावं लागतं ना? तसं." कवच बांधायलाच जास्त ताकद गेली की वाढायला, पिल्लं घालायला कमी उरते. आणि कवचाचेही दोन प्रकार, कॅल्साइट टिकाऊ, अॅरागोनाइट लवकर विरघळणारं. प्रवाळ अॅरागोनाइटचे. कालवाची, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्याची, पिल्लंही आधी अॅरागोनाइटचंच कवच करतात, कॅल्साइट मोठं झाल्यावर.

आधी कुठे होणार याचं उत्तरही सोड्याच्या बाटलीतच होतं. गार सोड्यात वायू टिकतो, कोमट झाला की बुडबुडे निघून जातात. त्यामुळे ध्रुवांकडच्या गार पाण्यात आधी. तिथे समुद्री फुलपाखरं म्हणतात तसली इवलीशी पोहणारी गोगलगाय असते, पातळ काचेसारखं कवच, मासे त्यांच्यावर जगतात. २००८ साली अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातून गोळा केलेल्या नमुन्यांत त्यांची कवचं झिजलेली सापडली.

रात्री झोपताना मला आमचं जुनं घर आठवलं. आजोबांनी बांधलेलं, चुना सगळा शिंपल्यांचा भाजून केलेला. तेव्हा भट्टीत शिंपले टाकले की वायू निघून जायचा आणि उरायचा चुना, म्हणजे अण्णांच्या प्रयोगाची उलटी बाजू आमच्या भिंतीत बसलीय.

दिवस तिसरा, सोमवार

त्र्यंबक. मेहुण्याची गाडी, पहाटे निघायचं म्हणून साडेआठला निघालो. दर्शनाची रांग बघून हिने आणि सासूबाईंनी रांग धरली, आणि मी, मनू, मेहुणा ब्रह्मगिरीवर. अण्णाही म्हणाले येतो, पंच्याहत्तरी जवळ आलीय, पण ते पुढे आणि मी मागे असं होतं, हे लिहायला नको होतं पण घरचे वाचणारच.

पायऱ्या काही संपत नाहीत. माकडं आहेत, हातात पिशवी दिसली की गेली. काळा कातळ, थरावर थर, जसं कोणीतरी भाकऱ्या रचून ठेवल्यात. अण्णा एका थराला हात लावून उभे राहिले, मला वाटलं दमले. ते म्हणे, "हा एकेक थर म्हणजे एकेकदा वाहून आलेला लाव्हा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचा." दख्खनचा पठार म्हणजे हेच, आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला, पश्चिम घाटाच्या बाजूला दोन किलोमीटरपेक्षा जाड. आणि लाव्ह्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही आला, लाखो वर्षं थांबत थांबत येत राहिला.

मला एकदम जोर आला. म्हणलं म्हणजे डायनोसॉर मेले ते आपल्या सह्याद्रीने मारले, समुद्र पण आपणच बिघडवला! अण्णांनी तिथल्या तिथे हवा काढली. त्याच सुमाराला मेक्सिकोत चिक्शुलुबला अशनी आदळली, आणि जिथे आदळली तिथला खडक गंधकाने भरलेला, त्यामुळे आम्लाचा पाऊस. नेदरलँडमधल्या एका गुहेत त्या काळचा समुद्रतळाचा गाळ सापडला, त्यातल्या सूक्ष्म कवचांमधल्या बोरॉनवरून २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की आघातानंतर हजार वर्षांच्या आतच वरच्या समुद्राचा पीएच साधारण पाव एककाने खाली आला. दख्खनच्या लाव्ह्याचा एकूण संहारात वाटा किती यावर अजून वाद आहेत, पण ही पटकन झालेली घसरण अशनीच्याच नावावर. आमच्या सह्याद्रीचं काम संथ, आणि संथ असलं की समुद्राला सावरायला वेळ मिळतो. इथे वेगाचाच सगळा प्रश्न आहे, हे अण्णा दोनदा म्हणाले.

वर पोचलो, गोदावरीचा उगम. एवढंसं कुंड. रामकुंडावर जी नदी बघून आलो ती इथे ओंजळीत मावते. इथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगररांगेतून वैतरणा निघते आणि ती मात्र सरळ उतरून आमच्या अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगराचा पाऊस, एक भाऊ पूर्वेला गेला एक पश्चिमेला.

तिथे बसून शेंगदाण्याचे लाडू खाताना अण्णांनी जे सांगितलं ते मला या अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी वाटलं. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो, अगदी स्वच्छ पावसाचाही पीएच ५.६ च्या आसपास असतो. तो या काळ्या कातळावर मुरतो, कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू सोडवतो आणि स्वतःतला वायू बायकार्बोनेट करून नदीबरोबर पाठवून देतो. नाशिकची काळी माती, ज्यात कांदा आणि द्राक्ष येतं, ती या झिजेतूनच आलेली. म्हणजे गोदावरी दर क्षणाला समुद्राला पित्तावरचं औषध नेऊन देतेय. ज्या डोंगराने एके काळी हवेत वायू सोडला तोच आता तो परत गिळतोय.

मनू म्हणाली मग प्रश्न सुटला की! अण्णा हसले. "बाळा, डोंगराचं घड्याळ लाखाच्या हिशोबात चालतं. तुझ्या मामाच्या गाडीचं?" मग तिने मोबाईलवर हिशोब केला. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. त्र्यंबकला जाऊन येऊन साठ किलोमीटर, चार लिटर धरलं तर नऊ किलोच्या वर. माणूस हवेत जेवढा सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो, म्हणजे आमच्या आजच्या फेरीतला दोन सव्वादोन किलो समुद्राच्या पोटात. मेहुणा म्हणाला पेट्रोलचे पैसे पण समुद्राकडून घ्या मग.

जगाचा आकडा तिने आधीच शोधून ठेवला होता, कोळसा, तेल, गॅस मिळून वर्षाला ३७०० कोटी टनांच्या घरात, त्यातून आणि जंगलतोडीतून समुद्रात जातो साधारण १००० कोटी टन. हवेत आधी दहा लाखात २८० भाग होता, आता ४२० च्या पुढे. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) समुद्र हे पितो म्हणूनच हवा आहे त्याहून जास्त तापलेली नाही. आपण ज्याला उपकार म्हणतो त्याचं बिल शिंपल्यांच्या नावाने फाटतंय.

काही देशांत आता बेसॉल्टची भुकटी शेतात पसरवून डोंगराचं हेच काम लवकर उरकायचे प्रयोग चालू आहेत. उतरताना मेहुणा म्हणाला आपल्याकडे खडी क्रशरवर कच पडलेली असते ढिगाने. अण्णा म्हणाले दळायला आणि वाहायला डिझेल किती जाईल ते आधी मांड. तो गप्प. मी पण गप्प, कारण माझे गुडघे बोलत होते.

दिवस चौथा, मंगळवार

गुडघे. दुपारपर्यंत काही नाही. दुपारनंतर सिन्नर.

नाशिक रोडकडून जाताना एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, ६३० मेगावॉट, कोळशावर. मनूने फोटो काढला, प्रोजेक्टमध्ये "कारणे" या पानावर लावणार म्हणे. मी म्हणलं त्याच विजेवर तुझा मोबाईल चार्ज झालाय. "म्हणून तर फोटो निघाला," ती.

सिन्नरला गारगोटी संग्रहालय. ज्यांना दगड म्हणजे दगड वाटतो त्यांनी मुद्दाम जावं. आपण खाणीत, विहिरीत जो काळा दगड फोडतो त्याच्या पोकळ्यांमध्ये हे असं काय काय वाढलेलं असतं, अपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट, हिरवट, मोतिया, सुयांच्या जुडग्यासारखं. नाशिक, पुणे, जळगावकडचे हे स्फटिक जगभर नावाजलेले आहेत आणि आपण त्यावर बंगले बांधतो. मध्येच कॅल्साइट, मोठमोठे मधाच्या रंगाचे. मनू त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, तिला त्यावर लिंबू पिळून बघायचं होतं हे मला तोंडावरून कळलं, हात धरून पुढे नेली.

गोंदेश्वर बघितलं, यादवांच्या काळातलं, याच काळ्या दगडाचं, संध्याकाळी फार सुंदर दिसतं. त्यावर पुन्हा कधीतरी.

घरी आल्यावर अण्णांनी माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. शाळेतल्या मुलांनी वर्षानुवर्षं आणून दिलेले दगड, विहीर खणताना सापडलेले. त्यातला कॅल्साइटचा एक तुकडा मनूच्या हातावर ठेवला आणि लिंबू दिलं. फस्स करून बुडबुडे. "हा वायू कातळात कधीपासून बंद होता, आज तू सोडलास," असं म्हणाले आणि मनू लगेच, "अय्यो, म्हणजे मी पण प्रदूषण केलं?"

त्या रात्री तिला युट्यूबवर एक व्हिडिओ सापडला की आम्लीकरणामुळे माशांना वास कळेनासा होतो, ते शिकाऱ्याकडे स्वतःहून जातात. जबरदस्त मुद्दा, वर्गात टाळ्या पडतील असा. पण अजून शोधल्यावर दिसलं की प्रवाळात राहणाऱ्या माशांवर तेच प्रयोग दुसऱ्या गटाने मोठ्या संख्येने परत केले आणि २०२० साली छापलं की तसा परिणाम त्यांना दिसला नाही. ती हिरमुसली. मी म्हणलं दोन्ही लिही. आणि प्रवाळ पांढरे पडतात तेही आम्लीकरणाच्या खात्यात टाकू नको, लक्षद्वीपला १९९८ ला, २०१० ला, २०१६ ला जे झालं ते पाणी तापल्यामुळे. आम्लीकरण त्यांचं हाड ठिसूळ करतं, उष्णता त्यांचं अन्न पळवते. दोन वेगळे दुखणे, डॉक्टर एकच.

दिवस पाचवा, बुधवार

मेहुणा एका वायनरीत आहे, प्रॉडक्शनला. गंगापूर धरणाच्या बाजूला. आत्ता द्राक्षं नाहीत, बागांची गोडी छाटणी होऊन फुटवे निघालेत, द्राक्षं थेट जानेवारीनंतर. पण टाक्यांत मागच्या हंगामाची रेड मुरत पडलेली. आम्ही मोठे लोक तिथे का गेलो हे सांगायला नको, मनू मात्र लॅबसाठी आली होती.

पीएच मीटर. मेहुण्याने वाइनमध्ये काडी बुडवली, ३.५२. मग त्याने सांगितलं की त्यांच्याकडे पॉइंट एकची काय किंमत असते. पीएच चढला की जंतू रोखायला टाकलेल्या सल्फरचा जोर कमी होतो, बॅच बिघडू शकते, म्हणून द्राक्ष चिरडतानाच टार्टरिक आम्ल मोजून घालतात. "आमच्याकडे ३.४ चं ३.५ झालं तर साहेब फोन करतो." आणि हे पीएच प्रकरण निघालंच मुळी अशा जागेतून, १९०९ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेनसनने ही मोजपट्टी काढली. मला हे ऐकून विज्ञानाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

ट्रेनमध्ये अडकलेला माझा प्रश्न इथे सुटला. ही पट्टी फुटपट्टीसारखी सरळ नसते, एक पायरी उतरलं की हायड्रोजन आयन दहापट. मनूने कॅल्क्युलेटरवर काढलं, ०.१ उतरलं की २६ टक्के वाढ. मग सगळीकडे ३० टक्के का लिहितात? कारण उतार ०.१ पेक्षा थोडा जास्त आहे. आणि धूर असाच चालू राहिला तर शतकाच्या शेवटी ७.८ च्या आसपास, म्हणजे अडीचपट. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असावा लागतो, त्याच्या खाली गेला की डॉक्टर काळजीत पडतात, तिथे पॉइंट एक कोणी छोटं म्हणत नाही.

मेहुण्यालाच आवडलेली गोष्ट म्हणजे ओरेगॉनची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कालवांची पिल्लं तयार करणारी केंद्रं आहेत, तिथे २००७-०८ च्या सुमाराला टाक्यांतली पिल्लं धडाधड मरायला लागली. आधी वाटलं जंतू. नंतर लक्षात आलं की वारा एका दिशेने लागला की खोल समुद्रातलं पाणी वर येतं, ते कार्बन डायऑक्साइडने आधीच भरलेलं, आणि वरून माणसाची भर. कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत, आईने अंड्यात दिलेल्या शिदोरीवर, पहिलं कवच बांधतं, तोंड उघडून खायची सोय तेव्हा नसते. त्याच दोन दिवसांत पाणी वाईट आलं की शिदोरी संपते, कवच अर्धं. बारशाच्या आधीच कारभार आटोपला. मग त्यांनी समुद्राच्या पाण्यावर मीटर बसवले, आणि टाकीत सोडा अॅश नावाचं अल्कली घालून पाणी सुधारायला लागले. मेहुणा म्हणाला, "म्हणजे मी करतो तेच, उलट्या बाजूने." पण टाकीत घालता येतं. समुद्रात किती घालणार?

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. आमच्या खाडीतली कालवं, मुळे, तिसऱ्या? आमच्या समुद्रातही पावसाळ्यात आणि नंतर खालचं पाणी वर येतं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोर वर्षानुवर्षं हे मोजतायत, त्या दिवसांत तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि अशा पाण्याचा पीएचही खालीच असतो. खाडीत तर पावसात गोडं पाणी भरतं, पीएच एरवीही वरखाली होतो, त्यामुळे आमच्या तिसऱ्यांना थोडा चढउतार सवयीचा आहे. पण सवय चढउताराची असते, सगळा मजलाच खचण्याची नसते. आमच्याकडे कालवं फोडणाऱ्या बायका दगडावर बसून कोयती चालवतात, त्यांना हे कोणी सांगितलंय असं मला तरी दिसलेलं नाही. मी पण कुठे सांगितलंय, मी फक्त खातो.

निघताना मेहुण्याने मनूला पीएचच्या कागदी पट्ट्या दिल्या. रंग बघून एवढा बारीक फरक कळणार नाही हेही सांगितलं. तिने तरी घेतल्या.

दिवस सहावा, गुरुवार

परत. चिवड्याच्या चार पिशव्या, द्राक्षं नसल्यामुळे मनुका, कांद्याचं एक गोणपाट जे मी नको नको म्हणत असताना रिक्षात चढलं. अण्णांनी मनूला तो कॅल्साइट दिला, एका बाटलीत गोदावरीचं पाणी. घाट उतरताना दिवस होता यावेळी, ती खिडकीतून थर मोजत होती, बोगदा आला की मोजणी चुकायची आणि पहिल्यापासून सुरू.

रात्री उशिरा रत्नागिरी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन तिने पट्टी बुडवली. रंग आठच्या खोक्याशी जुळला. बाटलीतल्या गोदावरीचाही आठच्याच आसपास. "काहीच कळत नाही यात," म्हणाली आणि वहीत तसंच लिहिलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मला वाटलं पोचलात का विचारायला. तर तो काचेचा ग्लास. रविवारपासून माळ्याच्या जिन्याखाली तसाच राहिलेला, नितळ पाणी भरलेला, आणि आता त्यात खाली आणि कडेला पांढरं कडं बसलंय, साबणाने जात नाहीये, सेट मोडला माझा, कोणी ठेवला होता सांगा. मागून अण्णांचा आवाज, "वायू उडून गेला, कार्बोनेट परत आला, मनूला सांग!" सासूबाई म्हणाल्या तुमचं कार्बोनेट तुम्हीच घासा.

मनूने माझ्या हातातून फोन ओढला. "आजी, चिंच लाव ना त्याला, पण लावताना कान जवळ ने."

थोडा वेळ भांड्यांचा आवाज. मग सासूबाई, एकदम वेगळ्याच आवाजात, "अगं बाई, फसफसतंय की."